अंगठा लागत नाही

सुरह अल्-कियामाच्या चौथ्या आयतीत बोटांच्या पेरांचा उल्लेख आहे. आपल्याकडच्या तकरिरींत ही आयत हमखास येते. वक्ते सांगतात, प्रत्येक माणसाचा ठसा वेगळा असतो हे विज्ञानाला अलीकडे कळलं, कुरआनात त्याचा इशारा चौदाशे वर्षांपूर्वीच आहे. लोक सुभानअल्लाह म्हणतात. आयतीच्या अर्थाबद्दल मी वाद घालणार नाही, तो आलिमांचा प्रांत. मला खुपतं ते वेगळंच. बोटांच्या पेरांवर इतकं बोलणारे आपण घरातल्या बाईची पेरं कधी निरखून बघत नाही. ती बघतं रेशनच्या दुकानातलं मशीन, आणि ते म्हणतं, नाही.

वर्गात उशिरा आलेलं पोर सांगतं, "टीचर, दादी का अंगूठा नहीं लगा." म्हणजे दादी दोन तास रांगेत होती आणि पोर तिच्यासोबत. दुकानदार म्हणतो हात धुऊन या, पदराला पुसा, दुसरं बोट लावा, उद्या या. रांगेतल्या लोकांची चुळबूळ सुरू होते. दादी खजील होते, जणू तिनेच काही लबाडी केली आहे.

अंगठा का लागत नाही, हा प्रश्न मात्र तिथे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं आहे की तो विचारला पाहिजे, कारण कधी कधी त्याचं उत्तर आजारात असतं.

आईच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बोटांवरच्या या रेघा तयार होतात. त्यांचा साचा कातडीच्या आतल्या थरात असतो. म्हणून वरचं कातडं खरचटलं, सोललं, तर तोच ठसा पुन्हा उगवतो. पण वरचा थर सतत सोलत, भेगाळत राहिला तर मशीनला वाचण्यासारखं काही उरत नाही. वय वाढतं तशा रेघा सपाट होतात. विड्या वळणं, भांडी घासणं, धुणं, सिमेंट-चुन्याचं काम यांनी त्या झिजतात. हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून "काम करून झिजला अंगठा" म्हणून विषय संपतो. तिथेच गफलत होते.

हाताचा इसब घ्या. मलेशियात सरकारी ओळखपत्रासाठी अंगठ्याचा ठसा लागतो. तिथल्या डॉक्टरांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अंगठ्यावर इसब असलेल्या 100 रुग्णांपैकी 27 जणांचा ठसा मशीनने नाकारला होता. इसब नसलेल्या 100 जणांत हेच फक्त दोघांच्या बाबतीत घडलं. आपल्याकडे साबण-सोड्यात हात घालणाऱ्या किती बायकांना हा इसब असेल! पण त्या त्याला आजार मानत नाहीत, "हात फुटलेत" म्हणतात.

इसबाहून गंभीर कारणंही आहेत. कुष्ठरोगात बोटं बधिर होतात, जखमा कळत नाहीत, पुढे बोटं झिजून आखूड होतात. स्क्लेरोडर्मा नावाच्या आजारात बोटांची कातडी जाड आणि ताठ होते, थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात. कर्करोगावरच्या केपसायटाबीन या गोळ्यांनी तळहात लाल होऊन सोलतात. 2008 मध्ये सिंगापूरचा एक रुग्ण याच गोळ्या घेत असताना अमेरिकेत उतरला, तर ठसेच उमटेनात म्हणून त्याला विमानतळावर चार तास अडकवून ठेवलं. स्तनाच्या कर्करोगावर हीच गोळी आपल्याकडच्या बायकाही घेतात. त्यांना अडकवायला विमानतळ लागत नाही, रेशनचं दुकान पुरतं.

गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा सीलिअ‍ॅक हा आजारही या यादीत घेतला जातो. 1970 मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनी लिहिलं की या रुग्णांच्या बोटांच्या रेघा पुसट होतात आणि गहू बंद केल्यावर सुधारतात. पण रोगनिदानाची खात्रीची खूण म्हणून ते टिकलं नाही. आजही रक्ततपासणी आणि आतड्याचा तुकडा तपासूनच निदान होतं. हे मुद्दाम सांगते, कारण "बोट बघा, आजार ओळखा" असे व्हॉट्सअ‍ॅप निरोप आपल्याकडे फार लवकर पसरतात. पुसट ठसा म्हणजे आजाराचा पुरावा नव्हे. पण ठसा लागत नाही आणि सोबत भेगा, खाज, बधिरपणा किंवा ताठ कातडी आहे, तर चर्मरोगाच्या डॉक्टरकडे जायला ते कारण पुरेसं आहे. कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि वेळेवर घेतलं तर बोटं वाचतात.

इसब असेल तर वुजूनंतर बोटांच्या बेचक्यांसह हात कोरडे करावेत आणि लगेच व्हॅसलीन किंवा खोबरेल लावावं. दिवसातून पाच वेळा ओले हात तसेच राहिले तर भेगा वाढतात. नमाजी बायकांना हे कुणी सांगत नाही.

शिक्षिका म्हणून मला आणखी एक गोष्ट टोचते. "अंगठाछाप" ही आपल्याकडची शिवी. साक्षरतेच्या वर्गांत प्रौढ बायकांना आधी काय शिकवलं, तर सही. त्या सहीचा त्यांना अभिमान होता. आता त्यांना सही येते आणि ती कुणाला नको आहे. अंगठा हवा आहे, आणि तोच उमटत नाही.

ओळखीसाठी ठसा घेण्याची ही पद्धत आपल्याच देशात वाढली. 1858 मध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने बंगालमध्ये एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला, तो पुढे शब्द फिरवेल या संशयापोटी. ठशांचं 1024 कप्प्यांत वर्गीकरण करण्याची गणिती रीत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन पोलीस कर्मचाऱ्यांचा मोठा वाटा होता. नाव झालं त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचं. पद्धतीमागचा संशय अजून शिल्लक आहे. ठसा जुळला नाही की माणूसच खोटा ठरतो.

कायदा तसं म्हणत नाही. 26 सप्टेंबर 2018 च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, की ठसा जुळला नाही एवढ्यावरून पात्र माणसाला हक्काच्या लाभापासून वंचित ठेवता येणार नाही. आधार काढताना दहाही बोटं आणि डोळ्यांची बुबुळं घेतात, त्यामुळे अंगठा हा एकच रस्ता नाही. पेन्शनचा हयातीचा दाखला 2021 पासून चेहरा दाखवूनही देता येतो. बोटंच नसलेल्यांनाही आधार मिळण्याची तरतूद आहे. तरी 2023 मध्ये केरळमध्ये बोटं नसलेल्या एका महिलेला ते मिळायला केंद्रीय मंत्र्याला लक्ष घालावं लागलं. नियम असतो, खिडकीवरच्या माणसाला तो माहीत नसतो, आणि रांगेतल्या बाईला तर नाहीच नाही.

म्हणून अंगठा दोन-तीनदा नाकारला गेला तर नुसतं "उद्या येते" म्हणून परतू नका. दुसरी बोटं लावून बघा. आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्याने द्या. डॉक्टरकडे गेलात तर चिठ्ठीवर हाताच्या आजाराचं नाव लिहून घ्या. कोणत्या तारखांना अंगठा लागला नाही ते टिपून तहसील कार्यालयातल्या पुरवठा विभागात साध्या कागदावर अर्ज द्या, आणि पोच घ्या. खाली सही करा, ती तुम्हाला येते. अर्जाचा मजकूर लिहून हवा असेल तर रविवारी दुपारी मी घरी असते.