अखेरच्या दिवसाचे वेतन

शासकीय वेतनाच्या नियमांत एक लहानसे वाक्य आहे. कर्मचाऱ्याचा मृत्यू ज्या दिवशी होतो, त्या दिवसाचे वेतन काढता येते. मृत्यू दिवसाच्या कोणत्या घटकेला झाला, याचा त्या हक्काशी काही संबंध नाही. पहाटे पाचला प्राण गेला तरी तो दिवस त्याच्या खाती कमाईचा म्हणूनच लिहिला जातो. नियमांच्या रुक्ष पुस्तकात माणुसकीचा इतका ओलावा क्वचितच आढळतो. खेद एवढाच, की नियमकर्त्यांनी जो प्रश्न एका वाक्यात मिटवला, त्या वेतनासाठी कुटुंबाला पुष्कळदा महिनोन्‌महिने हेलपाटे घालावे लागतात.

बँकेच्या शाखेत बसणाऱ्या आम्हा मंडळींपर्यंत ही कुटुंबे येतात ती बहुधा एकच प्रश्न घेऊन : "साहेब, त्यांचे पैसे कधी मिळतील?" या 'पैसे' शब्दातच सारा गोंधळ आहे. एकाच माणसाच्या पश्चात येणाऱ्या रकमा एकाच जातीच्या नसतात आणि त्यांचा धनीही प्रत्येक वेळी एकच असतो असे नाही. कुटुंबनिवृत्तिवेतन हा मृताच्या मालमत्तेचा भाग नव्हे. ते मृत्युपत्राने कुणाला देता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये व्हायोलेट आयझॅक यांच्या खटल्यात दिला आहे. ते नियमाने ठरवून दिलेल्या व्यक्तीलाच मिळते. उपदान आणि भविष्य निर्वाह निधी यांसाठी नामनिर्देशन पाहिले जाते. शिल्लक रजेच्या रोखीकरणाची रीत आणखी निराळी. केंद्र सरकारच्या १९७२ च्या रजा नियमांप्रमाणे कमाल ३०० दिवसांपर्यंतच्या रजेचे पैसे कुटुंबाला मिळतात, पण तेथे नामनिर्देशन नसून नियमानेच क्रम घालून दिला आहे : प्रथम पत्नी अथवा पती, त्यांच्या अभावी ज्येष्ठ पुत्र, आणि पुढे याच रीतीने.

मृत्यूपूर्वी कमावलेले, परंतु हाती न पडलेले वेतन मात्र या सर्वांहून वेगळे आहे. ते मृताने केलेल्या कामाचा मोबदला, म्हणजे सरकारकडून त्याला येणे असलेले ऋण आहे. म्हणून ते त्याच्या मालमत्तेत मोडते व वारसांकडे जाते. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई हे सारे प्रथम वर्गाचे वारस होत. आईचे नाव अर्जात घालण्याचे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. सासू-सुनेचे घरात पटत असो वा नसो, कायद्याच्या तागडीत दोघींचा वाटा सारखाच असतो, आणि पुढे तंटा उभा राहतो तो बहुधा इथेच.

आता दाखल्यांविषयी. अल्प रकमेच्या थकित वेतनासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागू नये, ही दृष्टी केंद्राच्या जमा व अदायगी नियमांत आधीपासून आहे. ठराविक मर्यादेपर्यंत कार्यालयप्रमुखाची दावेदाराच्या हक्काबद्दल खात्री झाली, तर तो रक्कम देऊ शकतो. मर्यादेपलीकडे जामीनदारांसह क्षतिपूर्ती बंधपत्र घेऊन वरिष्ठांच्या आदेशाने ती देता येते. हक्काबद्दल खरोखर शंका किंवा वाद असेल, तेव्हाच न्यायालयीन दाखल्याचा आग्रह धरावा, असा त्याचा आशय आहे. प्रत्यक्षात काय घडते? टेबलावरचा लिपिक १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचे उत्तराधिकार प्रमाणपत्र सरसकट मागतो. महाराष्ट्रात तर १८२७ च्या मुंबई विनियमाखाली मिळणारा वारस दाखलाही आहे. त्यामुळे कुणी हा आणायला सांगतो, कुणी तो. अठरा दिवसांच्या पगारासाठी वकील, न्यायालयीन शुल्क आणि वर्तमानपत्रातील जाहीर नोटीस! चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, दुसरे काय?

त्या लिपिकाची भीती मी समजू शकतो. चुकीच्या हाती रक्कम गेली तर उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघेल, हे भय आम्हा बँकवाल्यांनाही अपरिचित नाही. पण बंधपत्राची योजना नेमकी याच भयावर उतारा म्हणून केलेली आहे. उतारा हाताशी असताना रोग्याला दुसऱ्या गावी धाडणे काही बरे नव्हे.

आणि गाव खरोखरच दुसरे असते. केंद्राच्या नोकरीतील मराठी माणूस जबलपूर, झाशी, वडोदरा, विशाखापट्टणम अशा ठिकाणी सेवेत असतो. पश्चात कुटुंब साताऱ्याला वा अकोल्याला परतते. पुढचा सारा व्यवहार पोस्टाने किंवा थोरल्या मुलाच्या रजेवर अवलंबून राहतो. अशा वेळी कर्तव्याची पहिली पायरी कार्यालयाने चढावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सेवापुस्तक त्यांच्यापाशी, नामनिर्देशने त्यांच्यापाशी, वेतनदेयकही त्यांनीच करायचे. मग अर्जाची वाट कशाची पाहायची? रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार, मृत खातेदाराच्या ठेवीचा दावा सर्व कागदपत्रे मिळाल्यापासून १५ दिवसांत निकाली काढावयाचा आहे. बँकेमुळे विलंब झाल्यास भरपाईही द्यावयाची आहे. प्रशासकीय दिरंगाईने उपदान लांबले तर व्याज देण्याची तरतूद केंद्राच्या निवृत्तिवेतन नियमांत आहे. हाच न्याय थकित वेतनाला का लावू नये?

शाखेच्या बाजूनेही दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. मृत्यूनंतर एटीएम कार्ड वापरून पगार खात्यातील रक्कम काढण्याची सवय घरोघर दिसते. हेतू शुद्ध असतो, अंत्यविधीचा खर्चही खरा असतो. पण वेतनदेयक महिना संपण्यापूर्वीच तयार होत असल्याने मृत्यूनंतरच्या दिवसांचा पगारही कधी कधी खात्यात पडतो. तो सरकार परत मागते, आणि इतर वारसही हिशेब विचारतात. म्हणून शाखेला लवकर कळवावे. खातेदार निवर्तल्याचे कळल्यानंतर येणाऱ्या रकमांसाठी 'कै. अमुक यांची मालमत्ता' अशा नावाने खाते उघडण्याची किंवा 'खातेदार मृत' असा शेरा मारून रक्कम पाठवणाऱ्याकडे परत करण्याची सोय रिझर्व्ह बँकेने २००५ मध्येच सुचविली होती. दुसरी गोष्ट नामनिर्देशनाची. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्यावर चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. मात्र नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते ती वारसांची विश्वस्त म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये विम्याबाबत आणि २०१० मध्ये बँक ठेवींबाबत हे स्पष्ट केले आहे. लग्नाआधी भरलेले नाव वीस वर्षे तसेच ठेवणाऱ्यांनी यावर विचार करावा.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती वेतन आयोगाची थकबाकी. महाराष्ट्रात सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, पण सुधारित वेतन प्रत्यक्षात २०१९ मध्ये हाती आले आणि मधल्या तीन वर्षांची थकबाकी पाच वार्षिक हप्त्यांत विभागली गेली. त्या काळात जे निवर्तले, त्यांच्या वारसांचाही तिच्यावर हक्क होता. पण तो त्यांना आपणहून कळवणार कोण? सहकारी निवृत्त होतात, कार्यालये जागा बदलतात, दूरध्वनी क्रमांक बदलतात. आता केंद्राच्या आठव्या वेतन आयोगाची कार्यकक्षा ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झाली आहे. सेवेत असताना ज्यांचे निधन झाले आहे, त्यांच्या वारसांनी आपला आजचा पत्ता, भ्रमणध्वनी क्रमांक आणि बँक खात्याचा तपशील मूळ कार्यालयाकडे लेखी देऊन ठेवावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा; पोस्टाने पाठवल्यास पोचपावती जपून ठेवावी.