मांडवांतली कोथिंबीर

गेल्या फाल्गुनांत आमच्या घरीं थोरल्या पुतणीचें लग्न झालें. पत्रिकेच्या मायन्यापासून पंगतीच्या पक्वान्नांपर्यंत सर्व गोष्टी वडीलधाऱ्यांच्या संमतीनें बिनबोभाट ठरल्या. वाद झाला तो एकाच गोष्टीवरून. ती म्हणजे मांडवांतलीं फुलें.

एका सजावटकाराचा खर्डा आधींच येऊन पडला होता. जरबेरा, कार्नेशन आणि परदेशांतून विमानानें येणारीं ऑर्किडें असा त्यांतला थाट होता. खालचा आकडा वाचून आमच्या थोरल्या दिरांनीं चष्मा पुसला व तो पुन्हां एकदां वाचला. पुतणीची हरकत मात्र पैशांची नव्हती. तिची एक मैत्रीण फुलांच्या सजावटीचा व्यवसाय करते. तिनें असें सुचविलें होतें कीं, बोहल्याच्या दोन्ही बाजूंस ज्वारीचीं कणसें, केळफुलें, पोफळीचे तुरे आणि फुलावर आलेली कोथिंबीर व शेपू यांची मांडणी करावी. हें ऐकतांच थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "मांडव घालायचा आहे कीं मंडई भरवायची आहे?" सारें घर हंसलें, जाऊबाई मात्र हंसल्या नाहींत.

मला मुलीची बाजू पटली होती, आणि तिचें समर्थन करण्यास माझ्यापाशीं एक चांगला दाखलाही होता. त्या रात्रीं निरवानिरव झाल्यावर मीं जाऊबाईंना कॉन्स्टन्स स्प्राय या इंग्रज बाईंची हकीकत सांगितली. तीच येथें वाचकांपुढें ठेवतें.

स्प्रायबाईंचा जन्म १८८६ सालचा. त्या मूळच्या शिक्षिका. १९२१ मध्यें लंडनच्या पूर्व भागांतील एका शाळेच्या त्या मुख्याध्यापिका झाल्या. ही शाळा लहान वयांतच कामाला लागलेल्या गरीब मुलामुलींसाठीं होती. तेथें स्वयंपाक व शिवण यांच्या जोडीला फुलें मांडण्याची कलाही त्या मुलींना शिकवीत. चाळिशी उलटल्यावर, १९२९ मध्यें, त्यांनीं फुलांच्या सजावटीचें दुकान काढलें. लंडनमधील अत्तराच्या एका प्रसिद्ध दुकानाच्या दर्शनी खिडक्यांत त्यांनीं कुंपणांवरचीं रानफुलें व रानवेली मांडल्या आणि त्यांचें नांव झालें. केल नांवाच्या कोबीच्या भाऊबंदाचीं पानें, रानगवतें, बोंडें, वठलेल्या फांद्या, असें कांहींही त्यांना वर्ज्य नव्हतें. भांड्यांचाही विधिनिषेध नसे. रस्सा वाढण्याच्या भांड्यांतसुद्धां त्या फुलें मांडीत. आठव्या एडवर्डनें १९३६ मध्यें सिंहासन सोडलें व ३ जून १९३७ रोजीं फ्रान्समधील कांदे येथील वाड्यांत विवाह केला. त्या विवाहाची पुष्परचना याच बाईंची होती. १९५३ च्या राज्याभिषेकाच्या वेळींही सजावटीचें मोठें काम त्यांच्याकडे होतें. १९६० मध्यें त्या वारल्या.

आणि कोथिंबिरीचें म्हणाल, तर तीही कांहीं अगदींच परकी नाहीं. इंग्लंडांत उन्हाळ्याच्या आरंभीं रस्त्याच्या कडेला एका रानझाडाच्या पांढऱ्या छत्र्या डोलत असतात; तिकडच्या मांडणींत आतां त्यांना मोठा मान आहे. तें झाड कोथिंबिरीच्याच कुळांतलें. शेपू, ओवा, बडिशेप आणि गाजर हींही त्याच कुळांतलीं. एका बिंदूंतून छत्रीच्या काड्यांप्रमाणें फुटणारा फुलोरा ही या कुळाची खूण.

जाऊबाईंनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाल्या, "तुझी ती बाई हुशार खरी. पण माझ्या लग्नांत काय झालें तें तुला ठाऊक नाहीं."

त्यांचें माहेर दक्षिण कोंकणांतलें. वडिलांची थोडी पोफळीची बाग. त्या वर्षीं हात अगदीं तंग. विकतचीं फुलें आणण्याचें सामर्थ्य नव्हतें. म्हणून त्यांनीं माडाच्या झावळ्यांचा मांडव घातला, आंब्याचे टाळे बांधले, बोहल्यापाशीं स्वतःच्या बागेंतले पोफळीचे तुरे लाविले आणि दारच्या सुरंगीच्या कळ्यांचे वळेसर करून मुलीच्या केसांत माळले. वऱ्हाड आंत येतांना कोणीसें म्हणालें, "फुलें कुठें दिसत नाहींत, नुसता पालाच दिसतो!" तें बोलणें जाऊबाईंच्या वडिलांनीं ऐकलें. आणि बोलणारें माणूस आमच्याच घरचें होतें. इतक्या वर्षांत जाऊबाईंनीं ही गोष्ट कोणापाशीं काढली नव्हती. "माझ्या मुलीच्या मांडवांत पाला नको, एवढेंच माझें म्हणणें," त्या म्हणाल्या.

मी निरुत्तर झालें. ज्याला ऑर्किडें परवडतात त्यानें कणसें मांडलीं तर ती रसिकता, आणि ज्याला दुसरें कांहीं परवडतच नाहीं त्यानें तींच मांडलीं तर ती ओढग्रस्त! स्प्रायबाईंचीं कोबीचीं पानें धनिकांच्या दिवाणखान्यांत शोभलीं; पण तींच त्यांच्या शाळेंतल्या एखाद्या गरीब मुलीच्या लग्नांत असतीं तर सासरचीं माणसें काय म्हणालीं असतीं, हा विचार माझ्या मनांत कधीं आला नव्हता.

दोन दिवसांनीं ती मैत्रीण घरीं आली. तिनें वाद घातला नाहीं. माजघरांतच बसून काम कसें करावें लागतें तें दाखविलें. फुलावर आलेल्या कोथिंबिरीला भाजी म्हणून मंडईंत कोणी विचारीत नाहीं. पण ती पहाटे किंवा सायंकाळीं कापावी, पाण्यांत बुडणारीं पानें काढून टाकावीं, देंठ तिरपे छाटावे आणि रात्रभर गार जागीं खोल पाण्यांत ठेवावी, म्हणजे दुसऱ्या दिवशीं मान टाकीत नाहीं. फांद्या लांकडासारख्या कठीण असतील तर टोंकाशीं चीर द्यावी. कोणत्या वनस्पतीला हात लावूं नये हेंही तिला पक्कें ठाऊक होतें. कण्हेर आणि कळलावी दिसण्यांत सुंदर, पण दोन्ही विषारी. लहान मुलें वावरतात तेथें तीं नकोत. रुईचा चीक डोळ्यांस अपाय करतो. गाजरगवताचीं बारीक पांढरीं फुलें गुच्छांत भरीला छान दिसतील. परंतु त्यानें अंगाला खाज सुटते, दम्याच्या माणसाला धाप लागते. हें गवत आपल्या देशांत प्रथम १९५५ च्या सुमारास पुण्यांतच दृष्टीस पडलें, हें पुणेकरांस सांगावयास हवें. सीतेच्या वेणीसारखीं रानांतलीं ऑर्किडें तर तोडूंच नयेत. झाडावरच्या त्या वनस्पतीला वाढावयास वर्षें लागतात.

जाऊबाई बराच वेळ पाहत होत्या. शेवटीं त्यांनीं विचारलें, "पोफळीचे तुरे कुठून आणणार?"

"बाजारांतून मागवीन, काकू."

"बाजारांतले नकोत. तुरा पोयींतून सुटला कीं दोन दिवसांत रंग बदलतो. पोय मिटलेली असतांनाच काढून आणायला हवी." आणि त्यांनीं उठून भावाला फोन लाविला. एक तुरा तोडला कीं सुपारीचा एक घड गेला. त्यामुळें बागाईतदार असे तुरे सहसा तोडीत नाहींत. पलीकडून त्यांच्या वडिलांनींच फोन घेतला आणि एवढेंच विचारलें, "किती पाठवूं?"

लग्नाच्या आदल्या रात्रीं होडीसारख्या मिटलेल्या अकरा पोयी ओल्या गोणपाटांत बांधून आल्या. त्यांबरोबर केळीच्या पानांत सुरंगीचे वळेसर. पहाटे पोयी उकलल्या तेव्हां आंतून हस्तिदंती रंगाचे तुरे मोकळे झाले. त्यांच्या मागें ज्वारीचीं कणसें, खालीं जांभळीं केळफुलें आणि मधून कोथिंबिरीची पांढरी व शेपूची पिंवळी जाळी. जाऊबाईंचे वडील आतां चौऱ्यायशीं वर्षांचे आहेत. काठी टेकीत ते बोहल्यापाशीं आले, एका तुऱ्यावरून हात फिरवला आणि मुलाला म्हणाले, "हा विहिरीकडच्या झाडाचा दिसतो." मग ते पहिल्या रांगेंत जाऊन बसले. वळेसर या वेळीं दोघींच्या केसांत होते, मुलीच्या आणि आईच्याही.

ज्या भगिनींच्या घरीं येत्या हंगामांत कार्य असेल त्यांना एवढेंच सांगावेंसें वाटतें. निराळ्या वनस्पती हौसेनें जरूर मांडाव्या. परंतु त्यांचे गुणदोष आधीं माहीत करून घ्यावे, आणि घरांत कोणी नको म्हणत असेल तर त्या नकाराचें कारणही विचारून घ्यावें. आणि दुसऱ्याच्या मांडवांत पाऊल टाकतांना तेथें काय नाहीं हें मोठ्यानें बोलूं नये.

मांडव उतरल्यावर ज्वारीचीं कणसें पांखरांसाठीं गच्चीवर टांगलीं आणि दुसऱ्या दिवशींच्या पंगतीला केळफुलाची भाजी झाली. ती जाऊबाईंनीं स्वतः केली होती.