कार्बन कॉपी म्हणून ‘ऑर्व्हिल’ नाकारणाऱ्या माझ्या मित्रासाठी

एरवी मी इथे जुन्या बडोद्याबद्दल लिहितो. आज जरा वेगळ्या वाटेने जाणार आहे, पण शेवटी आपल्या दांडिया बाजारातच पोचेन, धीर धरा.

कमाटीबागेत सकाळी फिरायला येणारे माझे एक स्नेही आहेत. एकाच बँकेत उमेदवारी केली, एकाच वर्षी निवृत्त झालो. दोघांनाही ‘स्टार ट्रेक’चे वेड. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ती मालिका लागायची तेव्हापासूनचे. आमच्या वाड्यात तेव्हा दोनच टीव्ही. त्यातला एक आमचा, म्हणून पुढच्या खोलीत सतरंजीवर पंधरा-वीस माणसे. निम्म्यांना इंग्रजी कळायचे नाही, पण स्पॉक दिसला की सगळे खूश. माझी आई त्याला ‘लांब कानाचा साहेब’ म्हणायची आणि तो कधी हसत नाही म्हणून तिला त्याची काळजी वाटायची.

तर या स्नेह्यांना मी म्हणालो, ‘द ऑर्व्हिल’ बघा. ते म्हणाले, “अरे, अस्सल कपाटात असताना कार्बन कॉपी कशाला तपासायची?” बाकावर बसून अर्धा तास वाद झाला. मला तोंडी नीट मांडता येत नाही, म्हणून इथे लिहितो. ते ही पोस्ट वाचतातच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘ऑर्व्हिल’ ही अमेरिकन मालिका १० सप्टेंबर २०१७ रोजी फॉक्स वाहिनीवर सुरू झाली. पहिल्या पर्वाचे १२ भाग, दुसऱ्याचे १४, आणि २०२२ साली हुलूवर आलेल्या तिसऱ्याचे १०. एकूण ३६. पंचविसावे शतक, ग्रहांचा एक संघ, त्याचे एक मध्यम आकाराचे यान आणि त्यावरची माणसे व परग्रहवासी. यानाचे नाव विमानवाल्या राइट बंधूंपैकी ऑर्व्हिलवरून. कर्ता सेथ मॅकफार्लेन, कप्तानाचे कामही त्याचेच. हा मुळात विनोदी कार्टूनवाला, पण ‘स्टार ट्रेक’चा भक्त. ‘एंटरप्राइझ’ मालिकेच्या दोन भागांत तो चिमुकल्या भूमिकेत दिसून गेला आहे.

सारखेपणा लपवलेलाच नाही. खात्यानुसार रंगांचे गणवेश आहेत, पुढे मोठा पडदा आणि मध्ये कप्तानाची खुर्ची आहे, भावना नसलेला यंत्रमानव आहे. एका भागात अवाढव्य यानात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे लोक आहेत आणि आपण यानात आहोत हेच ते विसरलेत. ती कल्पना १९६८च्या मूळ मालिकेत होती. पडद्यामागची माणसेही तीच. ‘नेक्स्ट जनरेशन’पासून लिहिणारा ब्रॅनन ब्रागा इथे निर्माता आहे, रायकरचे काम करणारा जोनाथन फ्रेक्स काही भागांचा दिग्दर्शक आहे आणि ‘डीप स्पेस नाइन’मधल्या पेनी जॉन्सन जेराल्ड इथे डॉक्टरीण बाई झाल्या आहेत. आता ज्या कागदावर मूळ सही करणाऱ्यांनीच पुन्हा सह्या केल्या आहेत त्याला नक्कल म्हणायचे का, हे आमच्या स्नेह्यांनीच सांगावे. सह्या पडताळण्यात त्यांची नोकरी गेली आहे.

खरे तर आपल्याला हा प्रकार नवा नाही. आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात ‘सौभद्र’ किती वेळा झाले असेल! १८८२चे नाटक. प्रेक्षकाला सगळी पदे पाठ. कोणी बालगंधर्व ऐकायला येत नाही, ते मिळणार नाहीत हे माहीत असते. पण एखादी मुलगी एखादी जागा अशी घेते की मागच्या रांगेतले म्हातारे मान हलवतात. तिने नक्कल केली असे कोणी म्हणत नाही. उलट, दूरदर्शनवरच ऐंशीच्या दशकात ‘स्पेस सिटी सिग्मा’ आली होती, आठवते का? कॅप्टन तारा, तो झखाकू! आम्ही सगळे हसायचो, तरी बघायचो. तिच्यात यान होते, खलनायक होता, पण थांबून विचार करायला लावणारा प्रश्न मला तरी दिसला नाही. माझी कसोटी तीच आहे. गणवेश कोणीही शिवून घेईल.

मूळ ‘स्टार ट्रेक’चा गाभा काय होता? दर आठवड्याला एक ग्रह, एक पेच, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाला पन्नास मिनिटांत घ्यावा लागणारा एक निर्णय. गंमत बघा. ‘ऑर्व्हिल’ सुरू झाल्यावर दोनच आठवड्यांनी, २४ सप्टेंबर २०१७ला, अधिकृत वारसदार ‘डिस्कव्हरी’ आली आणि तिने ही रीत सोडून एकच लांबलचक युद्धकथा धरली. म्हणजे घराण्याचे नाव एकाकडे गेले आणि गायकी दुसऱ्याकडे राहिली.

दोष आहेतच, ते झाकत नाही. पहिले चार-सहा भाग विनोदाने बिघडले आहेत. कप्तान आणि त्याची घटस्फोटित बायको एकाच यानावर, तीच उपकप्तान. त्यांची उणीदुणी, वर थोडे पांचट विनोद. मुलीच्या घरी न्यू जर्सीला आम्ही दोघे २०२२ साली सहा महिने होतो, तेव्हा तिथे पाहिली. पहिल्या भागाला सौ. उठून पोळ्या करायला निघून गेल्या. तिसऱ्या पर्वातले भाग तासाच्याही पुढे लांबलेत, काही ठिकाणी नुसते यान फिरत असते आणि वाद्यवृंद वाजत असतो. त्या पर्वात आलेली चार्ली नावाची तरुण अधिकारी मला शेवटपर्यंत पटली नाही.

पण पहिल्या पर्वाच्या तिसऱ्या भागाला मी ताठ बसलो. बोर्टस नावाचा अधिकारी, त्याच्या ग्रहावर सगळे पुरुषच. त्याला मुलगी होते. तिथल्या रिवाजाने तिला शस्त्रक्रिया करून मुलगा करायचे. यानावरचे लोक लढतात, न्यायासन बसते, जोरदार बाजू मांडतात. आणि हरतात. शस्त्रक्रिया होते. बिचाऱ्या बापाचे मन पालटते ते नाताळातल्या लाल नाकाच्या हरणाचा जुना सिनेमा बघून, हे जरा बालिश वाटेल. पण हा धागा पाच वर्षांनी, तिसऱ्या पर्वात, ते मूल मोठे झाल्यावर पुन्हा उचलला आहे. त्या भागाला सौ.सुद्धा पोळ्या सोडून बसल्या होत्या.

आता ज्याच्यासाठी हे सगळे लिहायला बसलो तो भाग. दुसऱ्या पर्वातला पाचवा.

यान एका नव्या ग्रहावर जाते. लोक प्रेमळ, आदरातिथ्य उत्तम. जेवणाच्या टेबलावर सहज विषय निघतो की उपकप्तान केली आणि बोर्टस यांचे वाढदिवस जवळ आले आहेत. झाले. चेहरे बदलतात आणि दोघांना उचलून छावणीत टाकतात. कारण त्या ग्रहावर सगळे राशीवर चालते, आणि त्या महिन्यात जन्मलेली माणसे उपजत घातकी समजतात. मूल त्या राशीत जन्मू नये म्हणून आया आधीच पोट फाडून घेतात. (आपल्याकडे मुहूर्त काढून सिझेरियन करतात, त्यामुळे हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.) मुळाशी काय, तर हजारो वर्षांपूर्वी त्या राशीतला एक तारा आकाशातून नाहीसा झाला होता.

यानातले लोक त्या ग्रहाला पटवून देत नाहीत. ते शक्यच नसते. मग ते आकाशात एक मोठे शीड सोडतात. ते सूर्याचा प्रकाश परावर्तित करते आणि खालून बघणाऱ्याला वाटते, तारा परत आला. दोघे सुटतात.

जावई म्हणाले, “काय डोकं लढवलंय, बाबा!” मी काहीच बोललो नाही. उठून गॅलरीत गेलो.

माझी थोरली बहीण, आमची ताई, मूळ नक्षत्रावर जन्मली. मूळ म्हणजे सासऱ्याच्या जिवाला वाईट, हे सांगायला नकोच. तीन स्थळे पत्रिका बघून परत गेली. मध्यस्थ म्हणायचे, सासरा हयात नाही असेच घर बघा. १९७२ साली इंदूरचे एक चांगले स्थळ आले. त्यांना पत्रिका हवी होती आणि मुलाचे वडील होते. मी तेव्हा बी.कॉम.ची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत घरी होतो. माझे अक्षर चांगले. ताईचा जन्म पहाटे तीनचा, मूळ उजाडता उजाडता संपत होते. वडिलांनी मला समोर बसवून जन्मवेळ सकाळी आठची घालायला लावली. पूर्वाषाढा झाले. दौत-टाकाने नवी पत्रिका मी लिहिली, कोपऱ्यांना हळद-कुंकू आईने लावले. जुनी बंबात गेली.

पुढे आयुष्यभर मी तारखेत खाडाखोड दिसली की चेक परत केला.

लग्न झाले, सगळे छान. १९७६ला तिचे सासरे हार्ट ॲटॅकने गेले. सत्तरी उलटलेली होती. त्या वर्षी ताई माहेरी आली तेव्हा मागच्या ओट्यावर मी तिला तांदूळ निवडताना बघितले. मला म्हणाली, “तुला ठाऊक आहे नं रे? ते माझ्यामुळे गेले का?” मी म्हणालो, “काहीतरीच काय, ताई, वय झालं होतं.” ती हं म्हणाली. पुढे रविवारी सकाळी सुट्टीत पोरांना घेऊन आली की ‘स्टार ट्रेक’ तीही बघायची, हसायची. पण घरात कोणाच्याही पत्रिकेचा विषय निघाला की उठून आत जायची. नवऱ्याला तिने कधी सांगितले नाही. २०१६ला गेली.

आम्हीसुद्धा आकाशात एक शीडच सोडले होते. काम झाले, मुलगी उजवली. पण समजूत जागच्या जागी राहिली, आणि ती जिच्यासाठी सोडले तिच्याच मनात राहिली. मालिकेतल्या कैद्यांचे पुढे काय झाले ते दाखवलेले नाही. आपण घातकी आहोत हे जन्मापासून ऐकत आलेला माणूस खोटा तारा बघून एका रात्रीत मोकळा होत असेल? मला नाही वाटत. माझ्या मते तो शेवट चुकला. मूळ ‘स्टार ट्रेक’मध्ये दुसऱ्यांच्या संस्कृतीत ढवळाढवळ न करण्याचा जो दंडक आहे, त्यावर तरी यानात दोन माणसे कडाडून भांडायला हवी होती.

पण चुकला म्हणून का होईना, ५० वर्षे जे मी कोणाशी बोललो नव्हतो ते त्या रात्री न्यू जर्सीच्या स्वयंपाकघरात मुलीला सांगितले. सौ.ना थोडेफार ठाऊक होते, पण पत्रिका कोणी लिहिली ते नव्हते. मुलीने विचारले, “बाबा, पुन्हा वेळ आली तर लिहाल?” रात्री उशिरापर्यंत त्यावर वाद झाला. सौ. म्हणाल्या, लिहायलाच हवी होती, पोरीचं लग्न झालं ना? मुलगी म्हणाली, आत्याला तरी समोर बसवून सांगायचं होतं की हे सगळं थोतांड आहे. दोघींचेही मला पटत होते. कपाटातल्या अस्सलवर इतका घरोब्याचा वाद आम्ही कधी घातला नाही, कारण ते सगळे प्रश्न आम्हाला दुसऱ्यांचे वाटायचे. रशिया-अमेरिकेचे, काळ्या-गोऱ्यांचे.

तेव्हा माझे मत असे. ‘स्टार ट्रेक’ आवडलेल्यांनी ‘ऑर्व्हिल’ जरूर बघावी. पहिले दोन भाग सोडून तिसऱ्यापासून सुरू केले तरी चालेल. कप्तान आणि उपकप्तान एकेकाळी नवरा-बायको होते एवढे माहीत असले की पुरे. दुसरे पर्व सबंध बघा. त्यातले आठवा-नववा हे जोडभाग लागोपाठ बघायचे, मध्ये झोपायचे नाही. ज्यांना फक्त लढाया आणि याने हवी आहेत त्यांनी आपला वेळ घालवू नये. ज्यांना जुन्या कलाकारांचे चेहरेच हवेत त्यांनी जुनीच पुन्हा बघावी, तीही वाईट नाही.

स्नेह्यांना काल संध्याकाळी फोन केला. म्हणाले, “बरं, एक भाग बघतो. कुठला तेवढं सांग.” मी म्हणालो, दुसरे पर्व, पाचवा. आणि बघताना वहिनींनाही शेजारी बसवा.