कॅशलेस बिल्डचं सोवळं

“कॅश हेच सगळ्या भानगडींचं मूळ,” असं एका ज्येष्ठ गृहस्थांनी परवा भर बैठकीत जाहीर केलं आणि पाइपलाइनमधल्या प्रत्येक बिल्डला ‘नो-कॅश’ लावून टाकलं. रोकडीबद्दल बोलत असते तर मीही मान डोलावली असती. ते बोलत होते कंटेनर इमेजबद्दल, आधीच्या बिल्डमध्ये तयार झालेले थर पुन्हा वापरण्याबद्दल. म्हणणं थोडक्यात असं : कॅश खोटं बोलते, जुनं पॅकेज नव्या इमेजमध्ये शिरतं, मशीनं आता स्वस्त आहेत आणि रिलीज दिवसातून दोनदाच होते, तेव्हा दर वेळी कोऱ्या पाटीवरून सुरुवात करावी. माना डोलल्या. आपल्याकडे ‘शुद्ध’ म्हटलं की डोलतातच.

मशीन स्वस्त आहे. तिच्याकडे डोळे लावून बसलेली सहा माणसं नाहीत. रिलीज दोनदाच होते, कारण बिल्ड इतका रखडतो की तिसऱ्यांदा कुणी धजत नाही. हे दोन मुद्दे इथेच संपले.

उरली शुद्धता. ती मात्र मला सोडवत नाही.

कोरी पाटी म्हणजे नेमकं काय? नो-कॅश लावला की डॉकर प्रत्येक पायरी नव्याने चालवतो, म्हणजे त्या घटकेला इंटरनेटवर जे पडलं असेल ते उचलून आणतो. बेस इमेजला नुसता ‘नोड 20’ असा टॅग असेल, तर सोमवारी त्या टॅगखाली एक इमेज असते आणि गुरुवारी दुसरी असू शकते. पॅकेजच्या आवृत्त्या मोकळ्या सोडल्या असतील तर त्याही सरकतात. मार्च 2016 मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे जेमतेम 11 ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड आडवे झाले. तेव्हा ही कोरी पाटी कुणाच्या कामी आली? तोच कोड दोन दिवशी दोन वेगळ्या इमेज देणार असेल, तर त्याला शुद्ध म्हणायचं ते कुठल्या तोंडाने? सोवळं नेसून बाजारातला शिळा भात आणण्यातला हा प्रकार. शुद्धता हवी असेल तर बेस इमेज डायजेस्टने बांधून ठेवा आणि लॉक फाइल गिटमध्ये ठेवा.

लॉक फाइलवरून आठवलं. काही वर्षांपूर्वी हेच गृहस्थ ती गिटमधून काढा म्हणत होते, दर मर्जला भांडणं होतात म्हणून. तेव्हा मी तीन पानी ईमेल लिहिला होता. उत्तर आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

आता ‘कॅश खोटं बोलते’. ज्या प्रसंगावरून ते हे म्हणतात, तो घडला तेव्हा आमचे बिल्ड एका जुन्या सर्व्हरवर होत. डॉकरफाइलमध्ये ‘एपीटी-गेट अपडेट’ एका रन ओळीत होतं आणि इन्स्टॉल पुढच्या ओळीत. रन ओळ असेल तर डॉकर फक्त आज्ञेचा मजकूर ताडून बघतो. मजकूर तोच, म्हणून पॅकेजची जुनी यादी तशीच राहिली आणि खाली नवं पॅकेज मागितल्यावर 404. दोन्ही आज्ञा एकाच ओळीत जोडा, असं डॉकरच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेत लिहिलेलं आहे. ती वाचणं नो-कॅश लिहिण्यापेक्षा लांबचं काम, हे कबूल.

आणि खरी गंमत पुढेच आहे. हल्ली आमची पाइपलाइन भाड्याच्या रनरवर चालते. दर जॉबला नवं मशीन जन्माला येतं आणि काम झालं की मरतं. त्याच्या डिस्कवर आधीचा एकही थर नसतो. म्हणजे परवाच्या बैठकीआधीही आमचा प्रत्येक बिल्ड नो-कॅशच होता! गृहस्थांनी ज्या चोराला हाकललं, तो घरात शिरलाच नव्हता.

मग करायचं काय? थर रजिस्ट्रीत ठेवायचे आणि पुढच्या जॉबने तिथून उचलायचे. बिल्डकिटमध्ये ही सोय आहे, फक्त मोड ‘मॅक्स’ लावा. ‘मिन’मध्ये शेवटच्या टप्प्याचेच थर जातात आणि कंपाइलचं ओझं परत तुमच्याच डोक्यावर. मी माझ्या शाखेवर हे केलं आणि पहिल्या दिवशी एक मिनिटही वाचलं नाही. एका मुलीने पावतीच्या पानावर ‘पावति’चं ‘पावती’ केलं, एवढ्या एका वेलांटीपायी सगळी पॅकेजं पुन्हा उतरू लागली. आमच्या डॉकरफाइलमध्ये ‘कॉपी डॉट डॉट’ वर होतं आणि ‘एनपीएम सीआय’ खाली. एक थर बदलला की त्याखालचे सगळे बाद. आधी पॅकेजची यादी आणि लॉक फाइल कॉपी, मग इन्स्टॉल, मग बाकीचा कोड, अशी अदलाबदल केली, तेव्हा लॉगमध्ये ‘कॅश्ड’ हा शब्द ओळीने दिसू लागला. कॅश माउंटही चांगला, पण त्यातला माल रजिस्ट्रीत जात नाही, त्यामुळे भाड्याच्या रनरवर तो फारसा कामाचा नाही. एवढंच माझं मंडन.

थर जुने राहिले की सुरक्षेचे पॅच मागे पडतात, ही त्यांची भीती खरी आहे. त्यासाठी आठवड्यातून एकदा बेस इमेजचं डायजेस्ट पुढे सरकवून नो-कॅश बिल्ड खुशाल करावा. मध्य रेल्वेही मेगाब्लॉक रविवारी घेते, रोज सकाळी नऊला मुलुंडच्या फलाटावर घेत नाही.

मी मुलुंडहून घाटकोपरला येतो, मेट्रोत चढताना मर्ज दाबतो. घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो साधारण 21 मिनिटांत जाते; आमच्या बिल्डलाही तेवढीच लागत. आता माझ्या शाखेचा बिल्ड असल्फ्याच्या आसपास हिरवा होतो. गृहस्थांच्या शाखेवर नो-कॅश अजून आहे. मी चकाल्याला उतरून चहा सांगतो, तेव्हा त्यांची पॅकेजं उतरत असतात.