गांजाचे कलम बदला

भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची तीन रूपे. पाला वाटला की भांग, फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, राळ काढली की चरस. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने शेंडे आणि राळ गुन्ह्यात घातली. शेंड्यांशिवायचा पाला आणि बी व्याख्येबाहेर ठेवले. त्यामुळे उत्तर प्रदेशात भांगेची सरकारमान्य दुकाने चालतात, आणि त्याच झाडाचा तुरा खिशात सापडला तर वर्षभर कैद होऊ शकते. शेंड्यात नशा जास्त, हे खरे. पण तेवढ्या फरकासाठी तुरुंग कशाला?

गांजा एक किलोपर्यंत ‘अल्प’ धरला जातो. त्याची शिक्षा २०१४ साली सहा महिन्यांवरून एक वर्षावर नेली. त्यापुढे २० किलोपर्यंत दहा वर्षांपर्यंत, आणि २० किलोवर दहा ते वीस वर्षे सश्रम कारावास. या शेवटच्या टप्प्यात जामीनही दुरापास्त. म्हणजे सगळे वजनावर ठरते, आणि घोळ नेमका वजनातच आहे. उसात किंवा तुरीत लावलेले झाड मुळासकट उपटले जाते. ओला पाला, दांडे, मुळाची माती, सगळे एकत्र काट्यावर चढते आणि तोच आकडा पंचनाम्यात उतरतो. कायद्याच्या लेखी गांजा मात्र फक्त शेंडा.

व्यसनी आरोपी स्वतःहून उपचार घेत असेल, तर ६४-अ कलम त्याला खटल्यातून सूट देते. पण ही सूट व्यसनी माणसालाच. कधीतरी ओढणारा, व्यसन न जडलेला तरुण तिच्यात बसत नाही. कमी आजारी, म्हणून जास्त गुन्हेगार! २०१९ च्या सरकारी पाहणीत गांजा-चरस घेणारे सुमारे १.३ कोटी निघाले. एवढ्यांना कोणता तुरुंग पुरणार?

इंग्रज सरकारच्या आयोगाने १८९३-९४ मध्ये ११९३ साक्षी तपासून संपूर्ण बंदी अनावश्यक ठरवली होती. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला. भारताचे मत बाजूने होते. घरचा कायदा मात्र तसाच राहिला.

तो बदलावा. स्वतःपुरता अल्प गांजा बाळगणे व ओढणे यांची कैद रद्द करून किरकोळ दंड आणि समुपदेशन ठेवावे. वजन फक्त शेंड्यांचे, तेही वाळवून, धरावे. मुलांना विकणाऱ्यांची आणि टेम्पो भरून माल नेणाऱ्यांची शिक्षा आहे तशीच राहावी.