परसाचा आराखडा थंडीतच करा



खरिपाची मळणी उरकली, ज्वारी-हरभरा वर आला, घरच्या माणसांना थोडी उसंत मिळाली. परसाचा विचार करायला हीच वेळ चांगली. पाऊस तोंडावर आला की आपण हाताला लागेल ते रोप सापडेल त्या जागी खोचतो. मग शेवगा वाफ्यावर सावली धरतो, पपई मोरीच्या पाण्याने कुजते आणि मेथीची जुडी बाजारातूनच आणावी लागते. म्हणून परसात कुठे काय लावायचे, हे आताच कागदावर मांडून ठेवावे.

पहिली गोष्ट सावलीची. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेकडे सर्वांत जास्त झुकलेला असतो. तेव्हा भरदुपारीही १० फुटी भिंतीची सावली उत्तरेला सुमारे ९ फूट पडते. मे महिन्यात दुपारी तीच सावली भिंतीच्या पायाशी येते. मेमध्ये पाहून वाफे आखले तर हिवाळी भाजी सावलीत सापडते ती यामुळेच. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता सावलीच्या कडेला खुंट्या ठोका. हे काम मुलांना सांगा, हौसेने करतील. जिथे निदान सहा तास ऊन मिळते तिथे भाजीचे वाफे धरावेत. सावलीच्या पट्ट्यात सरपण, खताचा खड्डा आणि जाण्यायेण्याची वाट ठेवावी.

उंच झाडांना वायव्येचा कोपरा द्यावा. तिथून हिवाळ्यात वाफ्यांचे ऊन अडत नाही, आणि उन्हाळ्यात तिसऱ्या प्रहराची तिरीप अडते. शेवगा मात्र छपरापासून लांब असावा. त्याची फांदी ठिसूळ, वाऱ्याने मोडते. शिवाय त्याच्यावर केसाळ सुरवंट येतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. ज्या वाफ्यासाठी लांबून हंडे वाहावे लागतात, तो वाफा मार्चमध्ये वाळतो. म्हणून पालेभाजी हौदाच्या किंवा नळाच्या जवळ असावी. न्हाणीचे सांडपाणी वाटेवर चिखल करते आणि डास वाढवते. त्याला चर काढून ते केळी, अळू, कर्दळीकडे वळवावे. पपईच्या बुंध्याशी पाणी साचता कामा नये, तिला उंचवटा द्या. कोथिंबीर, मुळा आपण कच्चा खातो. त्यांना सांडपाणी घालू नये.

वाफा ४ फुटांहून रुंद नसावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि माती तुडवली जात नाही. दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाची वाट पुरते. सगळी मेथी एकदम पेरली तर आठ दिवस तीच खावी लागते आणि मग महिनाभर काही नाही. त्याऐवजी दर १०-१५ दिवसांनी एकेक पट्टा पेरावा. दोडका, कारले, घेवडा यांना जमीन अडवू देऊ नका. त्यांना कुंपण किंवा मांडव द्या.

बियाण्याची सोयही आताच करावी. ज्या वेलाला भरपूर आणि निरोगी फळे लागली, त्याचे एखादे दुधी, एखादा दोडका तोडू नये. वेलावरच वाळू द्यावा. बी काढून, वाळवून राखेत घालून ठेवावे.

पुढची कामे कागदावरच लिहून ठेवा. एप्रिल-मेमध्ये झाडांसाठी २ फूट लांब, रुंद आणि खोल खड्डे घेऊन उन्हाने तापू द्यावेत. पावसाआधी माती आणि कुजलेल्या शेणखताने ते भरावेत. पहिला चांगला पाऊस झाला की रोपे लावावीत. शेवग्याला तर रोपही विकत घ्यायला नको. चांगल्या शेंगा देणाऱ्या झाडाची तीन-चार फुटी जाड फांदी लावली तरी जगते.

एक मात्र ध्यानात ठेवा. आराखडा घरातल्या सर्वांनी बसून करावा, पण हंडा जिच्या कमरेवर असतो तिचे म्हणणे आधी ऐकावे. वाफा कुठे जगेल, हे तिला नेमके ठाऊक असते.