तुटलेला अंगठा आणि वाळलेला अंगठा



कामावर अपघात होऊन अंगठा तुटला, तर त्याचा हिशेब १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातच लिहिलेला होता : कमाईच्या क्षमतेत ३० टक्के घट. पण अंगठा जागेवरच आहे, फक्त वर्षानुवर्षे हादरे खाऊन दुबळा झाला आहे, पाना धरवत नाही, शर्टाचे बटण लागत नाही, तर? त्याच कायद्याच्या व्यावसायिक रोगांच्या यादीत शिसे होते, पारा होता, गोंगाटाने येणारा बहिरेपणा होता. या दुखण्याचे नाव नव्हते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मात्र २०१० च्या यादीत ते घातले. जोर लावून तेच ते काम, हादरे आणि मनगटाची अवघड ठेवण, ही कारणेही तेथे सांगितली आहेत.

डॉक्टर याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. मनगटात हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामधून अरुंद बोगदा जातो. बोटे वाकवणाऱ्या ९ कंडरा आणि एक मज्जातंतू त्यातूनच जातात. कंडरांभोवती सूज आली की तंतू चेपला जातो. अंगठा, पहिली दोन बोटे आणि अनामिकेची एक बाजू बधिर होते. रात्री हात झटकत उठावे लागते. पुढे अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा बसू लागतो.

हा विषय आम्ही वाराणसीचे उदाहरण घेऊन मांडतो, कारण तेथे दुखणारा आणि तपासणारा एकाच गावात आहेत. १९६४ पासून इंजिने बाहेर काढणारा डी.एल.डब्ल्यू. कारखाना तेथे आहे. २०२० पासून त्याचे नाव बनारस रेल इंजन कारखाना झाले. ग्राइंडर आणि हवेवर चालणारी अवजारे तेथील हातांना नवी नाहीत, जशी ती परळ-माटुंग्यालाही नाहीत. गल्लोगल्ली हातमागावरचे विणकर आहेत. आणि काशी हिंदू विद्यापीठाचे सर सुंदरलाल रुग्णालयही त्याच गावात आहे.

तंतूतून विजेचा संदेश किती वेगाने जातो, हे पाहणारी तपासणी जुनी आहे आणि ती लागतेच. स्नायूची अवस्था पाहायची तर त्यात सुई टोचावी लागते. पोटाच्या तपासणीमुळे घरोघरी ठाऊक झालेली सोनोग्राफी हेच काम न टोचता पुष्कळसे करू शकते. निरोगी स्नायू पडद्यावर काळसर दिसतो. तंतूचा पुरवठा तुटलेला स्नायू पातळ होतो आणि त्यात चरबी व तंतुमय भाग वाढल्याने पांढुरका दिसतो. करंगळीच्या बाजूच्या स्नायूला दुसरा तंतू असतो. म्हणून त्याच हातातले दोन स्नायू शेजारी ठेवून तुलना करता येते. चेपलेला तंतू फुगला आहे का, हेही त्याच बैठकीत दिसते.

चित्राने सगळे सिद्ध होते असे आम्ही म्हणणार नाही. मधुमेह व थायरॉइडच्या विकारातही हे दुखणे होते, स्त्रियांत अधिक आढळते, आणि वयानेही स्नायू झिजतो. यंत्र चालवणाऱ्याच्या कौशल्यावरही पुष्कळ अवलंबून असते. प्रशासन साखरेकडे बोट दाखवील, हे आम्ही आजच सांगून ठेवतो. स्नायू वाळला हे चित्र सांगेल, तो कशाने वाळला हे कामाच्या नोंदीच सांगतील. टपालातल्या आमच्या सोबत्यांनी एवढे लक्षात घ्यावे की संगणकाच्या कळांबद्दल तज्ज्ञांत अजून मतभेद आहेत. हादरे आणि जोराच्या कामाबद्दल तसा वाद नाही.

खरी अडचण भीतीची आहे. हात दाखवला तर मेडिकल कॅटेगरी उतरेल, भत्ता बुडेल, म्हणून माणूस गप्प बसतो. आरंभी रात्रीची पट्टी किंवा इंजेक्शन पुरते, नंतर तो पट्टा कापणारी छोटी शस्त्रक्रिया करतात. पण स्नायू पुरता वाळल्यावर शस्त्रक्रियेने बधिरपणा गेला तरी ताकद पूर्ण येईलच असे नाही. नोकरीत अपंगत्व आले तर सरकारी आस्थापनेला कामगाराला काढता किंवा हुद्द्यावरून उतरवता येत नाही, पगार तोच ठेवून दुसरे काम द्यावे लागते, असे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २० सांगते. हे कलम शाखेच्या फलकावर लावा.

नियतकालिक तपासणीत डोळे कसोशीने पाहिले जातात. हातही पाहिले जावेत. हादऱ्याच्या अवजारावर घेताना अंगठ्याच्या स्नायूचे एक चित्र काढून ठेवावे, ठरावीक वर्षांनी दुसरे काढावे, आणि दोन्हींची प्रत कामगाराला मिळावी. ही मागणी रेल्वेत पी.एन.एम.च्या आणि टपालात जे.सी.एम.च्या विषयपत्रिकेवर यायला हवी. त्यासाठी शाखा सचिवांनी कोणत्या विभागात कोणते अवजार रोज किती तास हातात असते, याची यादी आताच करायला घ्यावी.